चाकांवरचा पिंजरा

यंदाच्या अंकाचा विषय 'प्रवास'. या विषयाला शिर्डीत तोटा नाही. मुंबईहून पालखीबरोबर चालत येणारे पदयात्री आहेत, 2009 पासून साईनगर स्थानकात येणाऱ्या रेल्वेगाड्या आहेत, 1 ऑक्टोबर 2017 ला काकडीच्या माळावर सुरू झालेला विमानतळ आहे आणि नगर-मनमाड रस्त्यावर रात्रंदिवस पळणाऱ्या ट्रॅव्हल्स तर आहेतच. या वर्दळीत एखाद्या पहाटे 'छोटा हत्ती' म्हणतात त्या टेम्पोच्या आकाराची एक मालवाहू गाडी गल्लीत शिरते. हौद्यावर जाळीचे खण, खणांत कुत्री. भाविक दोन पावले बाजूला होतात, चहाच्या टपरीवरचा पोऱ्या शिट्टी मारतो आणि गल्लीतली उरलेली कुत्री गाडीच्या मागे भुंकत सुटतात.

ही कुत्र्यांची गाडी. भटक्या कुत्र्यांना नसबंदी आणि रेबीजच्या लसीसाठी नेणारी आणि काम झाल्यावर पुन्हा त्यांच्या ठिकाणी आणून सोडणारी.

भटक्या कुत्र्यांवरून गावोगाव जी भांडणे होतात ती दोन टोकांवरची. पकडायचे की नाही, हे एक टोक; सोडायचे कुठे, हे दुसरे. मधला अर्धा-एक तासाचा प्रवास कुणाच्याच खिजगणतीत नसतो. एखाद्या कुत्र्याचा पाय मोडतो, एखादे तापाने जाते, एखादे भर रस्त्यात उडी मारून पळते, हे सगळे बहुधा याच मधल्या वेळात घडते. त्याची कारणेही फार खोल नसतात. कडी सैल असते, जाळीचा टाका सुटलेला असतो, वाऱ्याची वाट बंद असते किंवा लादी निसरडी असते. कोणत्याही मिस्त्रीला दहा मिनिटांत सापडतील अशी ही कारणे.

बिस्किटावर वाढलेली कुत्री

शिर्डीत कुत्र्याला हाकलणे सोपे नाही. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या 'श्री साईसच्चरिता'त तर्खडबाईंची कथा आहे. दाराशी आलेल्या भुकेल्या कुत्र्याला त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला आणि मशिदीत गेल्यावर साईबाबांनी सांगितले की त्या घासाने आपले पोट भरले. काळ्या कुत्र्याला दहीभात घातल्यावर हिवताप उतरलेल्या बाळा शिंप्याची कथाही त्याच ग्रंथातली. त्यामुळे दर्शनाहून परतणारा माणूस दुकानातून बिस्किटाचा पुडा घेतो आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे मोकळा करतो, तेव्हा त्याच्या मनात गंमत नसते, श्रद्धा असते. ती श्रद्धा बाजूला सारून कुत्र्यांची कोणतीही योजना इथे आखता येणार नाही.

या बिस्किटांचा गाडीशी थेट संबंध आहे. माणसांच्या हातून खाण्याची सवय झालेले कुत्रे पकडायला सोपे जाते, पण पोट भरलेले असले की हलत्या गाडीत ओकते. लादी निसरडी होते, पुढच्या वळणावर ते घसरते, शेजारच्या खणातले बिथरते. शिवाय भुलीच्या इंजेक्शनाआधी पोट रिकामे असावे लागते. म्हणून गाडी पहाटेची बरी. काकड आरतीच्या सुमारास रस्ते मोकळे असतात, ऊन नसते आणि पुडे फुटायला अजून अवकाश असतो. गुरुवारी पालखीच्या दिवशी, रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, दसऱ्याला आणि एक जानेवारीला ही गाडी काढणे म्हणजे कुत्र्यांना गर्दीत उभ्या पिंजऱ्यात भाजत ठेवणे. अनुभवी चालक हे दिवस आधीच खोडून टाकतो.

कुत्री पकडण्यावरून रस्त्यावर उतरण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. 1832 च्या जूनमध्ये बक्षिसाच्या लोभाने पोलिसांनी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा मुंबईतल्या पारशांनी दंगल केली होती. आता मारायचा प्रश्न कायद्याने मिटला आहे. 10 मार्च 2023 ला अधिसूचित झालेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी 2001 चे जुने नियम बाजूला सारले. पकडताच कुत्र्याच्या गळ्यात क्रमांकाचा पट्टा घालायचा, केंद्रात जितकी जागा तितकीच कुत्री उचलायची, सहा महिन्यांखालच्या पिल्लांना शस्त्रक्रियेसाठी धरायचे नाही, आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे, अशी त्यांची चौकट आहे.

त्या चौकटीला 2025 मध्ये धक्का बसला. दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्टला सांगितले. तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने 22 ऑगस्टला ते सौम्य केले. नसबंदी, लस आणि जंताचे औषध देऊन सोडा, मात्र पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, अशी दुरुस्ती झाली आणि विषय देशभर नेला गेला. पुढे 7 नोव्हेंबरला न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. शिर्डीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. बसस्थानक, साईनगर रेल्वे स्थानक, संस्थानची साईबाबा आणि साईनाथ ही दोन्ही रुग्णालये, शाळा. गावातली कुत्री झोपतात ती नेमकी इथेच. आदेशाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही मत असो, त्याचा पहिला परिणाम असा की कुत्र्यांच्या गाडीच्या फेऱ्या वाढणार आणि प्रवास लांबणार.

मिस्त्रीच्या हातातली चिंधी

गाडीची तपासणी जाळीपासून सुरू होते. हमरस्त्यालगतच्या कोणत्याही बॉडी बिल्डरच्या शेडमध्ये जाळीचे दोन प्रकार मिळतात, विणलेली आणि वेल्ड केलेली. विणलेली जाळी स्वस्त, पण कुत्रे दातांनी ती ओढते, तार सुटते आणि भोक मोठे होत जाते. वेल्ड केलेली जाळी टिकते, मात्र तिचा टाका तुटला की तारेचे टोक सुईसारखे आत वळते. ते टोक असते कुत्र्याच्या नाकाच्या किंवा पंजाच्या उंचीवर, कारण धडका तिथेच बसतात.

नुसत्या डोळ्यांनी हे टोक दिसत नाही. जाणता मिस्त्री सुती कापडाची चिंधी हातात घेतो आणि खणाच्या आतून, वरपासून खालपर्यंत, जाळीवरून सैल हाताने फिरवतो. चिंधी जिथे अडकेल तिथे खडूची खूण. एक खण, दुसरा खण, मग दरवाजाची आतली बाजू. ही बाजू सगळे विसरतात. खुणा झाल्या की ग्राइंडर फिरतो, तुटलेल्या जागी नवा टाका पडतो, त्यावर प्रायमर आणि रंग. मग पुन्हा चिंधी. ती न अडकता खाली आली की खण पास.

भोकाचे माप हाही वादाचा मुद्दा. हवा भरपूर मिळावी म्हणून दोन इंची जाळी लावली तर कुत्रे तिच्यातून पंजा बाहेर काढते किंवा वरचा जबडा अडकवून घेते, आणि मग सुळा तुटतो. एक इंची जाळीत हे होत नाही. हवा कमी पडेल ही भीती असेल तर जाळीचे क्षेत्र वाढवावे, भोक वाढवू नये.

लादीची गोष्ट वेगळी. सरळ पत्र्यावर कुत्र्याचे चारही पाय फाकतात. चेकर प्लेट घसरू देत नाही, पण तिच्या खाचांत मूत साठते, आणि मुताने लोखंड किती लवकर खाल्ले जाते हे गोठा असलेल्या कुणालाही विचारावे. मूत लादीच्या आणि अँगलच्या सांध्यात मुरते, वरचा रंग शाबूत दिसतो आणि खालचा अँगल भुसभुशीत होतो. म्हणून मिस्त्री लादीवर नुसती नजर टाकत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सांध्यात दाबून बघतो. टोक आत गेले तर तो तुकडा कापून नवा लावायचा, वर पुट्टी भरायची नाही. त्यावर भोकांचा रबरी मॅट टाकावा आणि तो उचलून धुता येईल असा सुटा ठेवावा. जाळीचीच लादी करणारेही आहेत. पाणी निथळते म्हणून ती सोयीची वाटते, पण नख अडकले की उपटून येते. ती नकोच.

मग कडी. वर-खाली सरकणारा दरवाजा उघडायला सोपा असतो, कारण पकडलेले कुत्रे हातात असताना एकाच हाताने तो उचलता येतो. त्याचे दोन दोष आहेत. तो हातातून सुटला तर कुत्र्याच्या शेपटीवर किंवा पंजावर आदळतो. म्हणून खाली रबराचा ठोकळा आणि वर अडकवायला खटका हवा. दुसरा दोष असा की खड्ड्यांच्या धक्क्यांनी तो थोडा थोडा वर चढतो. कुत्र्याला एवढी फट पुरते. ते नाक घालते, मग डोके, मग खांदा. बाजूला उघडणाऱ्या दरवाजात बिजागरी झिजते आणि कोयंडा कडीपासून पाव इंच दूर जातो. बंद वाटलेला दरवाजा बंद नसतो.

यावर उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. कडीत आडवी पिन आणि पिनेला साखळी. साखळी यासाठी की पिन हरवते. आणि पिन हरवलेल्या गाडीत तारेचा तुकडा, नायलॉनची दोरी किंवा चपलेचा बंद वापरला जातो, हे कुत्र्यांच्या गाड्याच नव्हे तर आपल्याकडची कोणतीही मालवाहू गाडी जवळून पाहिलेल्याला सांगायला नको.

बोकडाला माप आहे

एका खणात किती कुत्री? यावर पकडणाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे एकमत क्वचितच होते. कायद्याकडे वळले तर एक गंमत दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जनावरे वाहणाऱ्या गाड्यांसाठी 125-ई हा नियम आहे. 1 जानेवारी 2016 पासून अशा गाडीत कायमचे खण असावेत आणि गाय-म्हशीला किमान 2 चौरस मीटर, घोड्याला 2.25, डुकराला 0.6, शेळी-मेंढीला 0.3 चौरस मीटर जागा मिळावी, असे तो सांगतो. कोंबडीसाठीसुद्धा 40 चौरस सेंटीमीटर लिहिले आहेत. कुत्रा त्या यादीत नाही.

कुत्र्यासाठी 1978 चे प्राणी वाहतूक नियम आहेत. त्यांत मांजर आणि कुत्रा यांचे प्रकरण स्वतंत्र आहे. माजावर आलेली कुत्री आणि कुत्रा एकत्र नेऊ नयेत, दूधपित्या पिल्लांना आईशिवाय दुसऱ्या मोठ्या कुत्र्याबरोबर ठेवू नये, चावरे कुत्रे वेगळे आणि तोंड बांधून न्यावे, उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, असे त्यात आहे. हे सगळे लिहिले गेले ते मुख्यतः रेल्वेने किंवा विमानाने जाणाऱ्या पाळीव कुत्र्यांच्या नजरेने. गल्लीतून जाळ्यात धरलेला, आयुष्यात प्रथमच पिंजरा पाहणारा गावठी कुत्रा त्यात नीट बसत नाही.

पिंजऱ्याचे माप काढण्याची विमान कंपन्यांची रीत सोपी आहे आणि ती मिस्त्रीलाही पटते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट ती पिंजऱ्याची रुंदी. उभ्या कुत्र्याची उंची ती आतली उंची. समजा मध्यम गावठी कुत्रा 75 सेंटीमीटर लांब, कोपर 28 वर, खांदे 16 रुंद. मग लांबी 89 आणि रुंदी 32, म्हणजे 0.28 चौरस मीटर. बोकडाला कायद्याने जेवढी जागा मिळते, जवळपास तेवढीच. कुत्र्याला वळता यावे, उभे राहता यावे, पण धक्का बसल्यावर आपटण्याइतकी मोकळी जागा नसावी, हा या मापाचा अर्थ.

या हिशेबाने छोट्या हत्तीवर दोन मजल्यांत खण काढता येतात. पण वरच्या मजल्यातले मूत खालच्या कुत्र्याच्या अंगावर पडू नये म्हणून मधली लादी सलग आणि एका बाजूला उतरती हवी, कडेला पन्हळ हवी. अनेकदा ती नसते. त्यापेक्षा एकच मजला आणि कमी कुत्री, हे या लेखाचे मत.

परदेशात अशा पेट्यांची परंपरा वेगळीच आहे. अलास्कात बर्फावरच्या गाड्या ओढणारे कुत्रे शर्यतीच्या ठिकाणी नेतात ते ट्रकवर बसवलेल्या लाकडी पेट्यांत. दोन मजले, प्रत्येक खणाला स्वतंत्र दार, आत पेंढा. 1973 पासून होणाऱ्या इडिटरॉड शर्यतीच्या दिवशी असे ट्रक रांगेने उभे असतात आणि भोकांतून कुत्र्यांची तोंडे बाहेर डोकावत असतात. लांबच्या वाटेत ठरावीक वेळाने प्रत्येक कुत्र्याला खाली उतरवून ट्रकभोवतीच्या साखळ्यांना बांधतात, पाय मोकळे करतात, पाणी देतात. तिथे शत्रू थंडी. आपल्याकडे बरोबर उलटे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हवेचे तापमान 28 अंशांवर गेले की उघड्या लोखंडी हौद्यावर कुत्रा नेताना खाली उष्णतारोधक थर लागतो. शिर्डीत 28 अंश ही हिवाळ्यातली दुपार झाली.

उदबत्ती आणि सायलेन्सर

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजांच्या गादीला थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. जीभ बाहेर काढून तो श्वासाबरोबर वाफ सोडतो आणि अंग निववतो. त्याचे अंग मुळातच 38 ते 39 अंशांवर असते. 41 च्या पुढे गेले की जिवावर बेतते. आता एका बंद खोक्यात आठ कुत्री धापा टाकत आहेत असे धरा. हवेत इतकी वाफ साठते की धाप लागूनही अंग निवत नाही. बाहेरचे तापमान फार नसतानाही गाडीत कुत्री कोसळतात, त्याचे कारण बहुधा हेच. आणि भुंकणारा कुत्रा थांबला, गप्प पडला, तर तो शांत झाला असे समजण्याची चूक होते.

म्हणून हवा समोरासमोरच्या दोन बाजूंनी यायला हवी. जाळी एकाच बाजूला असेल तर गाडी धावताना ठीक, थांबली की कोंडवाडा. टपावर एकेरी पत्रा असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, त्यावर हात ठेववत नाही. दोन पत्रे, मधे दोन-अडीच इंचांची पोकळी, वरच्याला पांढरा रंग. खर्च थोडा, फरक मोठा. पावसाळ्यात रेक्झिनचे पडदे बाजूने सोडावे लागतात, आणि गोम अशी की पाऊस थांबला तरी ते कुणी वर करत नाही. खणाच्या आत टांगलेला, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा बाजारात काहीशे रुपयांत मिळतो. गाडीत जीपीएस बसवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी तो बसवावा.

दुसरा धोका दिसत नाही आणि वासही देत नाही. सायलेन्सरचा सांधा गळत असेल किंवा नळीचे तोंड हौद्याच्या खालीच संपत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड लादीच्या फटींतून वर येतो. नळी हौद्याच्या कडेबाहेर काढलेली असावी. सांध्याची परीक्षा साबणाच्या फेसाने होते. इंजिन थंड असतानाच सुरू करून फेस लावायचा, बुडबुडे आले तर गळती. फटींची परीक्षा त्याहून सोपी. रात्री शेडमधले दिवे मालवायचे, खणात बॅटरी लावून ठेवायची आणि खाली वाकून बघायचे. जिथून उजेड येईल तिथून धूर जाईल.

वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो हे पाहायचे असेल तर रिकाम्या खणात उदबत्ती लावावी. शिर्डीत ती शोधायला लांब जावे लागत नाही. इंजिन सुरू, दरवाजे बंद, पडदे प्रवासात असतात तसे. धुराची रेघ जाळीकडे ओढली जाऊन बाहेर पडली तर ठीक. ती वर जाऊन टपाखाली साठली आणि तिथेच घुटमळली तर त्या कोपऱ्यात बसणाऱ्या कुत्र्याचे काय होणार ते कळते. परीक्षा झाल्यावर उदबत्ती बाहेर काढून विझवायची. पेंढा किंवा गोणपाट आत असेल तर ती लावायचीच नाही.

नगर-मनमाडचे धक्के

शिर्डीहून नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांवर जितके मोर्चे निघाले तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर निघाले असतील. आजारी किंवा जखमी कुत्र्याला नगरपर्यंत न्यायची वेळ आली की पिंजरा गाडीला कसा बसवला आहे याची परीक्षा राहुरीच्या आसपास होऊन जाते.

अनेक गाड्यांत पिंजरा हौद्यात नुसता ठेवलेला असतो, फाळक्याला दोरीने बांधून. रिकामा पिंजरा दोन-तीनशे किलोचा, वर आठ कुत्र्यांचे शंभर-दीडशे किलो. जोरात ब्रेक लागला की हे सगळे चालकाच्या केबिनवर येते. पिंजरा चॅसीला यू-बोल्टने आवळलेला हवा, बोल्टखाली रबराची पट्टी हवी आणि नट ढिला होऊ नये म्हणून चेक नट हवा. आवळून झाले की नट आणि बोल्ट यांवरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला आहे. पाना न लावता, चालता चालता नुसत्या नजरेने होणारी ही तपासणी एसटीच्या आणि कारखान्यांच्या मिस्त्र्यांना नवी नाही.

स्प्रिंगच्या पाट्यांचाही विचार करावा लागतो. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, त्यात कुत्र्यांचे वजन किरकोळ. पाटे माल वाहायला केलेले असतात; गाडी हलकी असली की ती उसळते. त्या उसळीला उत्तर मिस्त्रीकडे नाही, चालकाच्या पायात आहे. गतिरोधकाच्या आधी वेग कमी करणे, वळणावर ब्रेक न मारणे, भुंकण्याचा आवाज असह्य झाला म्हणून गाडी न दामटणे. नियमांनी पथकात चालक, पकडणारी प्रशिक्षित माणसे आणि प्राणिकल्याण संस्थेचा प्रतिनिधी सांगितला आहे. त्यातल्या एकाचे लक्ष वाटेत पिंजऱ्याकडे असावे. सगळे केबिनमध्ये बसले, तर मागे काय चालले आहे हे आरशातून दिसत नाही.

गाडीत आणखी काय हवे? जाड हातमोजे, स्ट्रेचर, पाण्याचा मोठा कॅन आणि साबण. साबण कुत्र्यासाठी नव्हे. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे हा रेबीजविरुद्धचा पहिला इलाज आहे, आणि तो दवाखान्यात पोचेपर्यंत लांबवायचा नसतो. पकडणाऱ्या माणसांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घेतलेली असावी. चावा बसल्यावर घ्यायची इंजेक्शने तरीही चुकत नाहीत, मात्र त्यांची संख्या कमी होते.

फिनाईलचा वास

गाडी धुतली का, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी नाकाने दिले जाते. फिनाईलचा वास आला की धुतली. हा वास फसवा आहे. कुत्र्यांच्या पोटाचा पार्वो नावाचा विषाणू फिनाईलला फारशी दाद देत नाही आणि लादीच्या सांध्यात महिनोन्‌महिने टिकतो. आज नेलेल्या आजारी कुत्र्याचा रोग पुढच्या आठवड्यात त्याच खणातून जाणाऱ्या निरोगी कुत्र्याला लागू शकतो. डिस्टेंपर आणि कुत्र्यांचा खोकला हेही गर्दीचे आणि कोंदट हवेचे आजार. रेबीजचा विषाणू मात्र बाहेर फार काळ तग धरत नाही; साबण आणि ऊन त्याला पुरते.

पार्वोवर ब्लीच चालते. घरगुती ब्लीच बत्तीस भागांत एक भाग, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीला साधारण अर्धा लिटर. पण ते घाणीवर ओतून उपयोग नाही. आधी मॅट बाहेर, झाडूने कोरडी घाण काढायची, मग साबणाचे पाणी आणि ताठ ब्रश, मग स्वच्छ पाणी, त्यानंतर ब्लीच. दहा मिनिटे ओले ठेवायचे आणि पुन्हा धुवायचे, कारण उरलेले ब्लीच कुत्र्याच्या पंजाला आणि जाळीच्या लोखंडाला दोन्हींना खाते. मुताच्या थारोळ्यावर थेट ब्लीच टाकले तर डोळे-घसा जाळणारा वायू निघतो. संडास साफ करायचे आम्ल त्यात मिसळणे तर जिवावरचे. शेवटी सगळे दरवाजे उघडून गाडी उन्हात. शिर्डीत ऊन फुकट आहे, फक्त गाडीला दुपारभर उभी राहण्याची मुभा हवी.

प्रेशर वॉशरचा मोह आवरावा. त्याच्या फवाऱ्याने घाण सांध्यांत आणि दिव्यांच्या वायरींत खोल जाते आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येते.

धुताना आणखी एक काम होऊन जाते. प्रत्येक खणावर रंगाने टाकलेला आकडा पुसट झाला असेल तर तो पुन्हा गिरवायचा. वहीत पट्ट्याचा क्रमांक, खणाचा आकडा, उचलल्याची जागा आणि वेळ एका ओळीत. हे कागदी काम वाटते, पण पट्टा तुटला किंवा चघळला गेला तर कुत्र्याची ओळख उरते ती खणाच्या आकड्यावरच. पिंपळवाडी रस्त्यावरचे कुत्रे कनकुरी रस्त्यावर सोडले तर तिथली टोळी त्याला जगू देत नाही, आणि ते परत येण्याच्या धडपडीत हमरस्ता ओलांडू लागते.

तपासायचे कुणी

मालवाहू गाडीला आरटीओकडून योग्यता प्रमाणपत्र लागते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी. तिथे ब्रेक, दिवे, धूर, टायर बघतात. पिंजऱ्याची कडी बघत नाहीत, आणि बघावी अशी अपेक्षाही नाही. 2023 च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेच्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असते; तिच्यात पशुसंवर्धन आणि आरोग्य विभागाची माणसे आणि प्राणिकल्याण संस्थांचे प्रतिनिधी येतात. गाडी बघण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने तिचा. पण समितीपुढे शस्त्रक्रियांचे आकडे जातात, गाडी जात नाही. बैठकीच्या दिवशी ती कार्यालयाच्या आवारात उभी करून चिंधी फिरवायला पंधरा मिनिटेही लागणार नाहीत.

खरी अडचण पैशाची आहे आणि ती कुणी उघड बोलत नाही. नसबंदीची कामे सहसा दर कुत्र्यामागे ठरलेल्या दराने दिली जातात. त्या दरात औषध, डॉक्टर, खाणे आणि डिझेल धरलेले असते. गाडी एक दिवस शेडमध्ये उभी राहिली तर त्या दिवशी कुत्री शून्य, म्हणून पैसे शून्य. मग वेल्डिंग पुढच्या आठवड्यावर जाते, धुणे फवाऱ्यावर उरकते आणि चार खणांत सात कुत्री कोंबली जातात, कारण फेरी वाचते. यात कुणी क्रूर असतेच असे नाही. दराचा हिशेबच माणसाला तिकडे ढकलतो.

निविदेत गाडीच्या देखभालीसाठी वेगळी रक्कम आणि महिन्यातून दोन दिवस गाडी उभी ठेवण्याची अट लिहिली, तर ठेकेदार चांगला असो वा वाईट, त्याला ते दिवस परवडतील. बसस्थानक आणि रुग्णालयांच्या आवारातली कुत्री उचलण्यासाठी नगरपरिषदांना आता नव्या निविदा काढाव्याच लागणार आहेत. त्यात खणांची संख्या आणि माप, दोन पत्र्यांचा टप, सायलेन्सरच्या नळीचे टोक, साखळी लावलेली पिन आणि गाडी उभी ठेवायचे दिवस, या पाच ओळी घालायला कुठल्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.